लय सांभाळणारी गोळीच लय बिघडवते तेव्हा: रुग्ण आणि घरच्यांसाठी मार्गदर्शक

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाला एक गोष्ट दिसते, जी कोणाही एका डॉक्टरांना सहसा दिसत नाही: एकाच रुग्णाच्या तीन ठिकाणच्या तीन चिठ्ठ्या. मागच्या पावसाळ्यात एका गृहस्थांनी माझ्यापुढे अशाच तीन चिठ्ठ्या ठेवल्या. हृदयरोगतज्ज्ञांनी हृदयाची लय सांभाळण्यासाठी लिहिलेली सोटालॉलची गोळी त्यांना चार महिन्यांपासून चालू होती. तापखोकल्यासाठी घराजवळच्या दवाखान्यातून अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहून मिळाले होते, आणि पोट बिघडल्यामुळे आणखी एका ठिकाणाहून पँटोप्राझोल व डोम्पेरिडोनची कॅप्सूल. तिन्ही औषधे आपापल्या जागी योग्यच होती. पण ती एकाच शरीरात, तेही दोन दिवस जुलाब होऊन गळालेल्या शरीरात, एकत्र येणार होती. मी औषधे देण्याआधी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलायला लावले. अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या जागी दुसरे प्रतिजैविक आले, डोम्पेरिडोन वगळले गेले आणि त्याच दुपारी पोटॅशियम तपासले गेले. ते ३.१, म्हणजे कमी निघाले.

हृदयाची लय सुधारण्यासाठी दिलेल्या औषधामुळेच नवी, कधीकधी जीवघेणी लय उद्भवते, तिला वैद्यकात ‘प्रोअ‍ॅरिदमिया’ म्हणतात. माझ्या अनुभवात हा धोका गोळीच्या एकटीच्या अंगी असण्यापेक्षा तिच्याभोवती काहीतरी बदलते त्या दिवशी वाढतो: नवी गोळी सुरू होते, पोट बिघडते, मूत्रपिंड मंदावते, किंवा सोबतची एखादी गोळी कोणीतरी परस्पर बंद करते. म्हणून पुढच्या पायऱ्यांचा रोख त्या बदलांवर आहे.

एक सूचना आधीच करतो. हा लेख वाचून घाबरून कोणीही चालू गोळी स्वतःहून बंद करू नये. बीटा-ब्लॉकर (ठोक्यांचा वेग आवरणारी औषधे) अचानक सोडल्यास छातीत दुखणे आणि ठोके वाढणे असा उलट फटका बसू शकतो, आणि सोटालॉलमध्येही बीटा-ब्लॉकरचा गुण असतो. गोळी थांबवायची की नाही, हा निर्णय लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा.

असे होते तरी कसे

हृदयाच्या पेशींच्या भिंतीवर सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमसाठी सूक्ष्म दारे असतात. ती ठरावीक क्रमाने उघडतात आणि मिटतात, तेव्हा एक ठोका पूर्ण होतो. फ्लेकेनाइड आणि प्रोपाफेनोन सोडियमची दारे अडवून विजेच्या लहरीचा वेग कमी करतात, तर सोटालॉल आणि अ‍ॅमिओडारोन पोटॅशियमची दारे अडवून प्रत्येक ठोक्यानंतरचा सावरण्याचा काळ लांबवतात. गोलगोल फिरणारी चुकीची लहर यामुळे तुटते. मात्र हृदयाच्या एखाद्या कोपऱ्यात आधीच व्रण असेल, तर मंदावलेली लहर तिथे अडखळून नवे चक्कर सुरू करू शकते. आणि सावरण्याचा काळ प्रमाणाबाहेर लांबला, तर पुढचा अवेळी ठोका नेमका त्या कच्च्या क्षणी पडून लय पार कोसळू शकते.

या दुसऱ्या प्रकारच्या लयीचे वर्णन १९६६ साली फ्रेंच डॉक्टर फ्रांस्वा देसेर्तेन यांनी केले आणि तिला ‘टोर्साद द प्वांत’ हे नाव दिले. ईसीजीच्या पट्टीवर तिच्या लाटा सुंभाला पीळ द्यावा तशा एका रेषेभोवती वळत जातात. ती कित्येकदा काही सेकंदांत आपोआप थांबते आणि माणूस भोवळ येऊन पडतो. थांबली नाही, तर तिचे रूपांतर हृदय नुसते थरथरत राहण्यात होते आणि रक्ताभिसरण बंद पडते.

पहिल्या प्रकारच्या धोक्याचा धडा वैद्यकाने फार महाग किमतीत घेतला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर येणारे जादा ठोके दाबून टाकले की अचानक होणारे मृत्यू टळतील, अशी १९८० च्या दशकात समजूत होती. अमेरिकेत सुरू झालेल्या ‘कास्ट’ या चाचणीने ती तपासून पाहिली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या निष्कर्षांत एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७३० रुग्णांपैकी ५६ दगावले होते, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७२५ पैकी २२. अवधी सरासरी जेमतेम १० महिन्यांचा. या रुग्णांमध्ये गोळीने जादा ठोके कमी झाल्याची खात्री आधीच करून घेतलेली होती. ‘गोळी लागू पडली, धडधड थांबली’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्या प्रत्येकाला मी हे आकडे सांगतो.

पायरी पहिली: आपली गोळी कोणत्या गटातली, ते नक्की करा

स्ट्रिपवर कंपनीने दिलेले नाव मोठ्या अक्षरात असते. त्याखाली बारीक अक्षरात औषधाचे मूळ नाव असते, ते उतरवून घ्या. सोटालॉल असेल तर तुमच्या दृष्टीने क्यूटी (ठोका सुरू झाल्यापासून हृदय सावरेपर्यंतचा, ईसीजीवर मोजता येणारा काळ), पोटॅशियम आणि मूत्रपिंड हे तीन शब्द महत्त्वाचे. फ्लेकेनाइड किंवा प्रोपाफेनोन असेल तर ‘हृदयाला आधी इजा झाली आहे का’ हा प्रश्न पहिला. अ‍ॅमिओडारोन असेल तर मंद नाडी, थायरॉइड आणि इतर औषधांशी होणारी गाठ. डिजॉक्सिन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम आणि मेटोप्रोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर ठोक्यांचा वेग आवरण्यासाठी दिले जातात; त्यांचा धोका मुख्यतः नाडी फार मंदावण्याचा किंवा ठोका मध्येच अडण्याचा आहे. यातली दोन-दोन औषधे एकत्र चालू असतील, तर ती तशी मुद्दाम दिली आहेत ना, हे डॉक्टरांना एकदा विचारावे. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंब हेही बीटा-ब्लॉकरच असतात आणि रक्तात उतरून नाडी मंदावू शकतात. ‘कोणती औषधे चालू आहेत’ या प्रश्नाच्या उत्तरात हे थेंब मला आजवर कोणी आपणहून सांगितलेले नाहीत.

पायरी दुसरी: गोळी सुरू होण्याआधीचे कागद

औषध सुरू होण्यापूर्वी ईसीजी, टू-डी इको, आणि रक्तातील पोटॅशियम, मॅग्नेशियम व क्रिएटिनिन एवढे कागद हाताशी असावेत. इकोमुळे हृदयाचा स्नायू कमजोर आहे का, हे कळते. झटका येऊन गेलेल्या किंवा हृदयाची ताकद घटलेल्या माणसाला फ्लेकेनाइड देत नाहीत, त्याचे कारण वरच्या आकड्यांत आहे.

मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणाऱ्या क्रिएटिनिनच्या बाबतीत मात्र थोडे थांबायला हवे, कारण फसगत बहुधा इथेच होते. ७८ वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या आजींचे क्रिएटिनिन १.० आले, असे समजा. प्रयोगशाळेच्या कागदावर हा आकडा सामान्य मर्यादेत असतो आणि त्यापुढे कोणतीही खूण नसते. आता कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे जुने सूत्र लावू. १४० मधून वय वजा केले की ६२ उरतात. त्याला वजनाने, म्हणजे ४२ ने गुणले की २६०४. त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागले की सुमारे ३६. आणि स्त्री असल्यामुळे त्याला ०.८५ ने गुणले की सुमारे ३१. आजींचे मूत्रपिंड मिनिटाला अवघे ३१ मिलिलीटर रक्त स्वच्छ करत आहे. सोटालॉल जवळपास सगळे मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित, थरथरत्या लयीसाठी) ते देताना हा आकडा ४० ते ६० असेल तर अमेरिकी मार्गदर्शनानुसार दिवसातून एकदाच देतात, आणि ४० च्या खाली असेल तर देतच नाहीत. डिजॉक्सिनलाही हीच अडचण लागू आहे. वृद्ध आणि किरकोळ अंगाच्या माणसाच्या कागदावरचा ‘नॉर्मल’ हा शब्द म्हणून पुरेसा मानू नये; वय आणि वजन धरून आकडा काढून द्यायला डॉक्टरांना सांगावे.

घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, पोहताना किंवा दचकल्यावर बेशुद्ध पडले असेल, तर तेही इथेच सांगावे. जन्मतः क्यूटी लांब असण्याचा विकार घराण्यात चालत येतो, आणि अशा माणसाला क्यूटी लांबवणारी गोळी देणे फार धोक्याचे असते. एरवीही टोर्सादचा धोका पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक असतो. ‘डब्ल्यूपीडब्ल्यू’ (हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये विजेची जन्मजात जादा वाट) असे निदान कधी लिहिले गेले असेल, तर तो कागद सर्वांत वर ठेवावा. अशा हृदयात एट्रियल फिब्रिलेशन सुरू असताना व्हेरापामिल किंवा डिजॉक्सिन दिल्यास जादा वाटेने ठोके बेफाम धावू शकतात.

पायरी तिसरी: पहिले काही दिवस

सोटालॉल सुरू करताना किंवा मात्रा वाढवताना रुग्णाला किमान ३ दिवस ईसीजीच्या सतत देखरेखीखाली ठेवावे, असे अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकातच बजावलेले आहे. दर १२ तासांनी दिल्या जाणाऱ्या या औषधाची रक्तातील पातळी स्थिरावायला दोन-तीन दिवस लागतात आणि क्यूटी सर्वाधिक लांबते ती त्याच सुमारास. ‘एका गोळीसाठी कशाला ॲडमिट व्हायचे’ असे घरच्यांना वाटते, खर्चही दिसतो. तरीही डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितले तर घासाघीस करू नये. अनियमित लय मोडून नियमित झाल्यावर नाडी एकदम मंदावते, आणि मंद नाडी ही टोर्सादला आवडती जमीन आहे.

फ्लेकेनाइडची गोष्ट वेगळी आहे. वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३०० वेळा फिरणारी फ्लटरची लहर एरवी दोनास एक या प्रमाणात खाली उतरते आणि नाडी १५० च्या आसपास राहते. फ्लेकेनाइड ती लहर २०० पर्यंत मंदावते, आणि मग वरच्या व खालच्या कप्प्यांमधली चौकी त्यातला प्रत्येक ठोका खाली सोडून देऊ शकते; नाडी थेट २०० वर जाते. म्हणूनच त्याच्या जोडीला बीटा-ब्लॉकर किंवा डिल्टियाझेम दिलेले असते. नाडी ५८ दिसली म्हणून घरच्यांनी ही जोडीची गोळी बंद करून फ्लेकेनाइड तेवढे चालू ठेवणे, हा घोटाळा मी पाहिलेला आहे. नाडी कमी वाटली तर दोन्ही गोळ्यांबद्दल एकत्रच विचारावे. शिवाय ठोके वेगाने पडत असताना फ्लेकेनाइडचा परिणाम अधिक होतो, त्यामुळे गोळी सुरू झाल्यावर काही डॉक्टर ट्रेडमिल चाचणी करून ईसीजीतील क्यूआरएस, म्हणजे ठोक्याचा टोकदार भाग, रुंदावत नाही ना, हे पाहतात. धडधड झाली तरच घ्यायची म्हणून खिशात ठेवायला दिलेल्या गोळीचा पहिला डोस रुग्णालयातच घेतला जावा.

पायरी चौथी: ईसीजीची पट्टी वाचायला शिका

निदान करणे हे तुमचे काम नाही, पण दोन पट्ट्या शेजारी ठेवून फरक पाहणे कोणालाही जमते. नेहमीच्या वेगाने काढलेल्या ईसीजीत एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. ठोक्याच्या टोकदार भागाची सुरुवात जिथे होते, तिथपासून त्यामागून येणारी गोलसर टी-लाट जिथे जमिनीला टेकते तिथपर्यंतचे चौकोन मोजा. ११ चौकोन भरले, तर क्यूटी ४४० मिलिसेकंद. आता दोन ठोक्यांमधले अंतर मोजा. ते २५ चौकोन असेल, तर नाडी ६० आहे आणि दुरुस्त केलेली क्यूटीही ४४० च राहते. तेच अंतर २० चौकोन असेल, तर नाडी ७५ होते, आणि १९२० सालच्या बॅझेट यांच्या सूत्राने दुरुस्त केलेली क्यूटी सुमारे ४९२ निघते. यंत्र हे गणित स्वतःच करून ‘क्यूटीसी’ या नावाने पट्टीच्या डोक्यावर छापते. तरी टी-लाटेचे शेपूट ओळखण्यात यंत्र चुकते, हे ध्यानात असावे. अनियमित लयीत, फार वेगवान नाडीत किंवा बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयातील विजेच्या एका फांदीत अडथळा) असल्यास हा आकडा तसाच धरता येत नाही.

क्यूटीसी ५०० च्या पुढे गेली किंवा गोळीपूर्वीच्या आकड्यापेक्षा ६० ने वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. अर्थात तुलना करायला गोळीपूर्वीची पट्टी जागेवर हवी. ईसीजीचा कागद उष्णतेने छापला जाणारा असल्यामुळे फायलीत वर्षभर पडून पांढरा पडतो, म्हणून पट्टी मिळाली त्याच दिवशी तिचा स्पष्ट फोटो किंवा झेरॉक्स काढून त्यावर तारीख आणि त्या वेळची मात्रा लिहावी.

पायरी पाचवी: नवी गोळी घरात येते तेव्हा

सोटालॉल किंवा अ‍ॅमिओडारोन चालू असताना क्यूटी लांबवणारे दुसरे औषध शक्यतो टाळायचे असते, आणि यातली बरीच औषधे आपल्याकडे सर्रास दिली जातात. प्रतिजैविकांमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन, बुरशीसाठीचे फ्लुकोनाझोल, उलटीसाठीचे ऑन्डान्सेट्रॉन, मनोविकारांतील हॅलोपेरिडॉल आणि एस्सिटालोप्राम, संधिवातासाठीचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, हिवतापावरचे क्लोरोक्विन. सर्वांत फसवे म्हणजे डोम्पेरिडोन, कारण ते अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये लपून येते. कॅप्सूलच्या नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असेल, तर बहुधा त्यात ते असते. लोक ही कॅप्सूल चिठ्ठीशिवाय मागतात आणि, आमच्या व्यवसायाबद्दल खेदाने सांगावे लागते, त्यांना ती मिळतेही.

अ‍ॅमिओडारोनच्या बाबतीत काळाचा हिशेबच वेगळा आहे. ते शरीरातील चरबीत मुरते आणि बंद केल्यानंतरही कित्येक आठवडे ते महिने अंगात राहते. ‘ती गोळी गेल्याच आठवड्यात बंद झाली’ या वाक्याला म्हणून काही अर्थ नाही. पुढचे काही महिने प्रत्येक डॉक्टरांना ती चालू असल्यासारखेच सांगावे. क्यूटी लांबवूनही अ‍ॅमिओडारोनमुळे टोर्साद क्वचितच होते, हे खरे आहे, पण ते इतर औषधे अंगात साठवून ठेवते. डिजॉक्सिन जोडीला असेल तर त्याची मात्रा साधारण निम्म्यावर आणावी लागते. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल असेल तर रक्त फारच पातळ होऊ शकते, म्हणून रक्त किती पातळ झाले ते सांगणारा आयएनआर लवकर लवकर तपासावा लागतो. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते, जेव्हा माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅमची आहे. यातून थायरॉइड बिघडते. थायरॉइडचे काम वाढल्यामुळे धडधड परतली, की ‘गोळी कमी पडते, मात्रा वाढवा’ असा गैरसमज होतो. दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृताची तपासणी करून घ्यावी, आणि नवा कोरडा खोकला किंवा दम लागणे हे फुफ्फुसाचे लक्षण असू शकते, म्हणून ते हवामानावर ढकलू नये.

डिजॉक्सिन पाच दिवस घेऊन शनिवार-रविवार सुट्टी, ही आपल्याकडची पद्धत अनेकांना ठाऊक आहे. त्याचे विष अंगात चढू लागते तेव्हा आधी भूक मरते आणि मळमळ होते. घरचे ती अ‍ॅसिडिटी समजतात. पाठोपाठ नजरेला पिवळसर वलये दिसणे आणि नाडी मंद किंवा वेडीवाकडी होणे ही लक्षणे येऊ शकतात. डिजॉक्सिन घेणाऱ्या वृद्धाचे जेवण अचानक सुटले, तर कॅप्सूल देण्याऐवजी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, आणि रक्तातील पातळी तपासायची झाल्यास नमुना शेवटच्या गोळीनंतर निदान सहा तासांनी द्यावा.

पायरी सहावी: जुलाब, उपास आणि उन्हाळा

जुलाब-उलट्यांत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वाहून जाते. पायांवरची सूज उतरवण्यासाठी दिलेली फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइडची गोळी ते आणखी घटवते. वर्षानुवर्षे घेतलेली अ‍ॅसिडिटीची गोळी मॅग्नेशियम कमी करू शकते. या औषधांवर असलेल्यांचे पोटॅशियम ४ च्या वर असावे, असा डॉक्टरांचा सहसा प्रयत्न असतो. म्हणून दिवसभरात तीन-चारपेक्षा जास्त जुलाब झाले, तर ओआरएस सुरू करून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे आणि पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासून घ्यावे. निर्जळी एकादशी, नवरात्रातला कडक उपास किंवा विदर्भातल्या मे महिन्यातले दिवसभराचे लग्न, हे सगळे याच हिशेबात धरावे. मात्र पोटॅशियम वाढवायचे म्हणून शहाळ्यावर शहाळी पाजू नयेत. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर पोटॅशियम वाढूनही लय बिघडते. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून पुढच्या वेळी दोन घेणे हाही असाच स्वतःहून ओढवलेला धोका आहे.

पायरी सातवी: भोवळ आली तर

रोज सकाळी बसून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी आणि वहीत लिहावी. नाडी ५० च्या खाली जाऊ लागली, धडधड नव्या तऱ्हेची वाटू लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. या गोळ्यांवर असलेला माणूस बेशुद्ध होऊन पडला आणि मिनिटभरात आपोआप उठून बसला, तरी ते ‘अशक्तपणामुळे’ म्हणून सोडून देऊ नये. टोर्सादमध्ये मेंदूचा रक्तपुरवठा थांबल्याने हातपाय झटकले जातात आणि पाहणाऱ्याला ती फीट वाटते. असे रुग्ण फिटच्या गोळ्यांवर ठेवले गेल्याची उदाहरणे वैद्यकात जुनी आहेत. त्याच दिवशी ईसीजी झालाच पाहिजे.

पडलेला माणूस हाक मारून उठत नसेल आणि श्वास नसेल किंवा आचके देत असेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायला लागावे. तोंडात पाणी घालणे, कांदा हुंगवणे, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणे, यातले काहीही करू नये. सॉर्बिट्रेटने आधीच पडलेला रक्तदाब आणखी पडतो.

रुग्णालयात पोहोचताच गोळ्यांच्या स्ट्रिप डॉक्टरांच्या हाती द्याव्यात. वेगवान लयीवर तिथे एरवी अ‍ॅमिओडारोनचे इंजेक्शन दिले जाते, पण लांबलेल्या क्यूटीमुळे आलेल्या टोर्सादवर ते आणखी बाधू शकते. त्यावर शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट, पोटॅशियमची भरपाई आणि गरज पडल्यास तात्पुरता पेसमेकर हे उपाय असतात, आणि लय थांबतच नसेल तर शॉक. हा फरक करायला डॉक्टरांना हवी असलेली माहिती पाकिटातल्या एका कार्डावर मावते. आमच्या दुकानातून मी देतो त्या कार्डावर असा मजकूर असतो: ‘मी सोटालॉल ८० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतो. गोळीपूर्वीची क्यूटीसी ४२०, शेवटची ४५५. शेवटचे पोटॅशियम ४.३, क्रिएटिनिन ०.९. क्यूटी लांबवणारे नवे औषध देण्याआधी माझ्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा.’ खाली फोन क्रमांक असतो आणि तारीख पेन्सिलने लिहिलेली असते, कारण ती दर तीन महिन्यांनी खोडून बदलावी लागते.